ड्रोन उडवला म्हणून थेट जेल?

लेन्सवाला_भाऊ: काल एकानं पोस्ट टाकली, 'लग्नात ड्रोन उडवणाऱ्यांना सरळ आत टाका, दंडानं हे लोक सुधरत नाहीत.' डोकंच सरकलं. 2021 च्या ड्रोन नियमांत दंड 1 लाखापर्यंत आहे, आमच्यासारख्या लग्नाच्या शूटिंगवाल्याचा अख्खा सीझन त्यात जातो, तो कमी पडला का? पोरगा हळदीचे शॉट घेऊन रायला बे, दरोडा नाही टाकून रायला. आणि 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं लायसनही लागत नाही.

सोनेगावकर: लायसन लागत नाही म्हणजे लाल झोनमध्ये, विमानतळाजवळच्या विनापरवानगी उडवायला बंदी असलेल्या भागात, घुसायची मुभा नाही मिळत. आमच्या गच्चीवरून विमानाची चाकं दिसतात, अन् तुम्ही नागपूरच्या वर्धा रोडवरच्या लग्नाच्या लॉनवरून ड्रोन वर सोडता. इंजिनात गेला तं तो 1 लाख कोणाला देणार?

फुकट_वकील: जेल आधीपासून आहेच की. पोलिसांचा मनाई आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 223, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,500 दंड किंवा दोन्ही, जिवाला धोका असला तर 1 वर्ष. नवीन कायदा मागण्याआधी हे वापरा.

मानेवाडा_एक्स्प्रेस: ड्रोनचं सोडा हो, नायलॉन मांजाचं बोला! हरित लवादानं 2017 मध्येच बंदी घातली, तरी संक्रांत आली की गल्लीत चक्र्या हजर. माझा साळा उड्डाणपुलावरून गाडीनं येत होता, मफलर होता म्हणून गळा वाचला, हनुवटीला मात्र टाके पडले. तिकडे गच्चीवर पतंग कापल्याची 'ओ पार' अशी ओरड चालूच. कोण गेलं आत?

लेन्सवाला_भाऊ: तो मांजा शोधायला पोलीस काय उडवतात? ड्रोनच ना!

मानेवाडा_एक्स्प्रेस: उडवतात, फोटो छापून येतो, अन् दुकानदार दुसऱ्या दिवशी गोदामातून विकतो. टाके तुमच्या घरी पडले असते तं विनोद सुचला नसता.

स्नेहल_त्रिमूर्तीनगर: मांजा मांजा पुरे. मी गच्चीवर सांडगे घालत होते, तोंडासमोर येऊन घरघरत थांबला तो, खाली चार पोरं दात काढत. ठाण्यात गेले तर म्हणतात, 'मॅडम, नंबर घेतला का?' ड्रोनचा नंबर! गच्चीवरून? अशांना आत टाकलं तर मला काही वाईट वाटणार नाही.

लेन्सवाला_भाऊ: ते चार कारटे अन् मी एकच का?

स्नेहल_त्रिमूर्तीनगर: खालून कसं ओळखायचं, तुम्हीच सांगा.

लेन्सवाला_भाऊ: बरं बाबा, विमानतळाजवळ उडवणारा अन् बायांच्या गच्चीत डोकावणारा, दोघांनाही टाका आत, खुश? पण मग 'ड्रोन शॉट फ्री' म्हणून पॅकेज विकणाऱ्या लॉनवाल्यालाही टाका. आम्ही नाही म्हटलं की बयाना परत मागतो तो.

सोनेगावकर: लॉनवाल्याला कोण हात लावते, राजा? सगळ्या नेत्यांच्या घरची लग्नं तिथंच होतात.