मदत हवी आहे : हरकतीच्या पत्रात 'रिपर्कशन्स' लिहिलं तर धमकी वाटेल का?

नमस्कार मंडळी. नागपुरात आमच्या वस्तीतला नाला वरून स्लॅब टाकून बंद करायचा प्रस्ताव आहे. रहिवाशांतर्फे हरकतीचं पत्र द्यायचंय, आणि सल्लागार राज्याबाहेरचे असल्याने ते इंग्रजीतच हवं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन घराघरांत पाणी शिरलं होतं, त्यामुळे लोकांची धास्ती खरी आहे.

अडलंय एका वाक्यावर: 'द स्लॅब विल हॅव सीरियस रिपर्कशन्स फॉर द लो-लाइंग लेन्स.' म्हणायचं इतकंच, की इथे पाणी तुंबलं तर त्याचा त्रास खालच्या गल्ल्यांना पुढे कित्येक वर्षं होत राहील. पण एका शेजारच्या काकांना यात 'बघून घेऊ'चा सूर ऐकू येतो. 'देअर विल बी रिपर्कशन्स' असं तुटक लिहिलं तर तो येतोच, हे मलाही पटतं. पूर्ण वाक्यातही येतो का?

डिक्शनरी पाहून झाली. 'कॉन्सिक्वेन्सेस' नोटिशीतला वाटतो. 'रॅमिफिकेशन्स'मध्ये फाटे फुटत जाण्याचा अर्थ छान येतो, पण परिणाम वाईटच होतील असं त्यातून पक्कं निघत नाही. 'फॉलआउट' बातमीत शोभेल, पत्रात नाही.

सूर नम्र पण ठाम हवाय, आणि सध्या वकिलाकडे जायचं नाही. इंग्रजीत रोज पत्रव्यवहार करणाऱ्यांनी कृपया सांगा: 'रिपर्कशन्स' ठेवू का, आणि ठेवला तर पुढे 'फॉर' बरोबर की 'ऑन'?