घरच्या बारसाठी फक्त आठ बाटल्या, कोणत्या घेऊ? (मदत हवी आहे)

तिसरा_मजला
शनिवारी सहा जण येणार आहेत आणि कॉकटेल्स मी करणार हे ठरलंय. नेटवर जी यादी उघडावी तिच्यात पंचवीस-तीस बाटल्या. माझ्याकडे कपाटाचा एकच कप्पा आहे, त्यात आठ मावतात. निबंध नकोत, नावं सांगा. जरा लवकर.

साखरपाक
पाहुण्यांना आंबट आवडतं, कडू की गोड? घरात आत्ता काय काय आहे? शेकर आहे का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगायचं कसं?

तिसरा_मजला
सगळ्यांना सगळं चालतं. शेकर आहे. जिन, काम्पारी (ती लाल, कडू) आणि गोड व्हरमूथ आहे. आता नावं सांगा.

जुनाजाणता
एवढा खटाटोप कशाला? आठ बाटल्यांच्या पैशात दोन उत्तम सिंगल माल्ट येतील. सोबत थोडं साधं पाणी, बास. चांगल्या दारूत सरबत कालवणं मला कधीच पटलेलं नाही.

बर्फाळ
जुनाजाणता, त्यांनी कॉकटेल्सबद्दल विचारलंय. माझी यादी: जिन, पांढरी रम, बर्बन (अमेरिकन व्हिस्की), टकिला, ट्रिपल सेक (संत्र्याच्या चवीचं गोड मद्य), काम्पारी, गोड व्हरमूथ, अँगोस्टुरा बिटर्स (थेंबांनी घालायचा कडू अर्क). प्रत्येक बाटली कामाला आली पाहिजे. जिन, काम्पारी, व्हरमूथ प्रत्येकी ३० मिली की निग्रोनी. जिनच्या जागी बर्बन घातली की बुलवार्डिए. बर्बन, व्हरमूथ आणि बिटर्सचे दोन झटके म्हणजे मॅनहॅटन. टकिला, ट्रिपल सेक, लिंबू म्हणजे मार्गारिटा. रम ६०, लिंबू ३०, साखरेचा पाक २० म्हणजे डायकिरी.

रात्रपाळी
व्होडका नाही?? सहा जणांत दोघं तरी व्होडकाच मागणार. टकिला काढा, व्होडका घ्या.

बर्फाळ
व्होडकाला स्वतःची चव किती असते? आठच जागा असताना त्यातली एक तिला द्यायची?

रात्रपाळी
चव नसते म्हणूनच ती कशातही जाते. ट्रिपल सेक आहेच, क्रॅनबेरीचा रस आणा, कॉस्मोपॉलिटन तयार. मार्गारिटा सगळ्यांनाच आवडते असं नाही.

काचकाम
ग्लासांकडे दुर्लक्ष करू नका. बर्फाशिवाय द्यायच्या पेयांना दांडीचे कूप (पसरट, उथळ) ग्लास हवेत, हाताची ऊब पेयापर्यंत पोचत नाही. आधी फ्रीजरमध्ये ठेवून गार करा.

तिसरा_मजला
ग्लास आहेत. टकिला की व्होडका?

साखरपाक
त्याआधी, व्हरमूथ कधी उघडली होती आणि ठेवली कुठे आहे?

तिसरा_मजला
चार-पाच महिने झाले असतील, कपाटातच आहे. दारू थोडीच खराब होते? निग्रोनी हल्ली आंबूस, शिळकट लागतेय हे मात्र खरं. म्हणून तर सगळंच नवीन घ्यायचं म्हणत होतो.

साखरपाक
मग दुखणं तिथेच आहे. व्हरमूथ म्हणजे वाइनच, अल्कोहोल थोडं वाढवलेली, साधारण १५ ते १८ टक्के. उघडल्यावर हवा लागून ती उतरत जाते. झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवायची आणि महिना-दोन महिन्यांत संपवायची. छोटी ३७५ मिलीची मिळाली तर तीच घ्या. जिन आणि काम्पारी कपाटात खुशाल राहतात, त्या बदलू नका. आणि व्हरमूथ फ्रीजमध्ये गेली की कप्प्यात एक जागा मोकळी होते. तिथे व्होडका ठेवा, म्हणजे टकिलाही राहील आणि तुम्हा दोघांचं भांडणही मिटेल.

रात्रपाळी
हे चाललं. फक्त निग्रोनी शेकरमध्ये दणकून हलवा, झटकन गार होते.

बर्फाळ
नको! फळाचा रस असेल तर शेकर. नुसती मद्यं असतील तर बर्फावर चमच्याने ढवळायची. हलवलं की हवा मिसळते, बर्फाचे कण पडतात, पेय गढूळ दिसतं. निग्रोनी स्वच्छ लाल दिसली पाहिजे.

रात्रपाळी
दिसण्यापेक्षा गारवा महत्त्वाचा. मी हलवतो, कोणी तक्रार केलेली नाही.

जुनाजाणता
सिंगल माल्टला हे दोन्ही लागत नाही.

साखरपाक
पाक शुक्रवारीच करा. साखर आणि पाणी सारखंच, साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, उकळवत बसायचं नाही. लिंबू मात्र शनिवारीच पिळा, शिळा रस कडवट होतो. कोणी गाडी चालवणार आहे का? त्यांच्यासाठी हाच पाक, लिंबू आणि सोडा.

तिसरा_मजला
दोघं चालवणार आहेत. जुनी व्हरमूथ ओतून दिली, नवी आणतोय. बर्फाचे दोन ट्रे पुरतील ना?

बर्फाळ
दोन ट्रे पहिल्या फेरीतच संपतील. एकेका पेयाला शेकरमध्ये मूठ-दोन मुठी बर्फ जातो आणि ग्लासात वेगळा. आजपासून ट्रे भरा, गोठला की झाकणाच्या डब्यात काढत जा. उघडा राहिला तर फ्रीजरमधले सगळे वास ओढून घेतो.