मदत हवी आहे: पहिला गेमिंग पीसी, कॅबिनेट कोणतं घेऊ? (नाशिक)

सातपूरकर०७
सगळे पार्ट ठरले, निम्मे घरी आलेत, फक्त कॅबिनेटपाशी अडलंय. दुकानात दोन दाखवली. एकाला पुढे अख्खी काच आणि लायटिंगचे सहा पंखे. दुसऱ्याला पुढे जाळी, पंखे दोनच, आणि वर दीड हजाराने महाग. दुकानदार म्हणतो काचवालं न्या, सहा पंखे आहेत म्हणजे थंडच राहणार. पाच-सहा हजारांत बसलं तर बरं. रविवारी असेंब्ली करायची आहे, कोणतं घेऊ ते पटकन सांगा.

पाथर्डीफाटा
ग्राफिक्स कार्ड कोणतं? मदरबोर्ड कोणता? कूलर? एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा)? दोन्ही कॅबिनेटची नावं काय? यातलं काहीच माहीत नसताना कुणी काय सांगणार भाऊ?

जाळीच_हवी
बाकी काहीही असो, जाळीचं घ्या. पंखे मोजू नका, हवा आत शिरायला वाट किती आहे ते बघा. पुढे काच असली की हवा कडेच्या बोटभर फटीतून ओढावी लागते. पुढचे तीन पंखे नुसतेच गरगरतात आणि कार्ड आपलीच गरम हवा पुन्हा ओढत राहतं. दुकानात एक सोपी तपासणी करा. पंखे चालू असताना पुढचं पॅनल काढायला सांगा. पॅनल काढल्यावर मागच्या पंख्यातून येणारा झोत हाताला जोरात लागला, तर त्या पॅनलनेच हवा कोंडली होती असं समजा.

आरजीबी_प्रेमी
काचेचं म्हणजे सगळंच वाईट असं नाही. तळाला आणि बाजूला पंखे असलेली फिशटँक पद्धतीची कॅबिनेटं असतात. त्यात खालचे पंखे थेट कार्डाला थंड हवा देतात. दिसतातही सुंदर.

जाळीच_हवी
तिथे खालचे आणि बाजूचे पंखे वेगळे विकत घ्यावे लागतात. पाच-सहा हजारांत कॅबिनेट आणि वर पाच-सहा बरे पंखे, बसवा हिशोब. इथे विषय पुढे काच असलेल्या स्वस्त टॉवरचा चाललाय.

सातपूरकर०७
कार्ड ७८०० एक्सटी, प्रोसेसर रायझन ५ ७६००, बोर्ड बी६५०एम. नावं लक्षात नाहीत. काचवाल्याच्या खोक्यावर कार्डासाठी ३३० मिमी लिहिलंय. म्हणजे बसेल ना?

पाथर्डीफाटा
७८०० एक्सटी हे चिपचं नाव झालं. सफायर कंपनीचंच पल्स मॉडेल घेतलंत तर लांबी २८० मिमी, नायट्रो प्लस घेतलंत तर ३२०. नेमकं कोणतं?

सातपूरकर०७
नायट्रो प्लस. ३२० आहे म्हणजे ३३० मध्ये दहा मिमी उरतात की.

गंगापूर_रोड_टेक
थांबा, हे दहा मिमी कागदावरचे आहेत. ३३० हे माप कुठून कुठपर्यंत घेतलंय ते आधी बघायचं. बऱ्याच स्वस्त कॅबिनेटांत ते मागच्या स्लॉटच्या पट्टीपासून पुढच्या पत्र्यापर्यंत असतं, आणि पुढचे पंखे पत्र्याच्या आतल्या बाजूला असतात. पंख्याची जाडी २५ मिमी. ३३० मधून २५ गेले की उरले ३०५. तुमचं कार्ड ३२०. म्हणजे पुढचा निदान एक पंखा काढल्याशिवाय कार्ड आत जाणारच नाही, आणि काढावा लागणारा पंखा नेमका कार्डासमोरचा.

दुकानात मेजरटेप घेऊन जा. काच उतरवायला सांगा. स्लॉटची पट्टी जिथे स्क्रूने बसते तिथे टेपचं टोक लावा आणि पुढच्या पंख्याच्या आतल्या कडेपर्यंत मोजा. ३२० च्या वर किमान १५ मिमी मोकळे हवेत, कारण कार्ड तिरकं करून आत घ्यावं लागतं. बरोबर ३२० जागा असली तर ते फिरवताच येत नाही. टेप तिथेच असताना उंचीही बघा. या कार्डाच्या वरच्या कडेला ८ पिनची दोन कनेक्टर आहेत, त्यांच्या वायरी काचेकडे वळतात. कार्डाच्या वरच्या कडेपासून काचेपर्यंत ३५-४० मिमी मोकळे असले म्हणजे वायर दाबून काच बंद करायची वेळ येत नाही.

सीसी५६०_फॅन
डीपकूल सीएच३७० घ्या. मायक्रो एटीएक्स (छोट्या मापाच्या बोर्डाचं) आहे, तुमच्या बोर्डाला नेमकं, आणि छोटं.

गंगापूर_रोड_टेक
त्याची कार्डाची मर्यादा ३२० मिमी आहे. ३२० च्या कार्डाला ३२० ची जागा नको हे आत्ताच वर लिहिलं. पल्स असतं तर मीच सुचवलं असतं.

वॉटरकूल_नाशिक
कार्ड-कार्ड काय चाललंय. ७६०० ला २४० मिमी रेडिएटरचं लिक्विड कूलर (पाण्याने थंड करणारं) लावा आणि पुढे बसवा, उन्हाळ्यात बघायला नको. एप्रिल-मेमध्ये नाशिकलाही पारा चाळिशीला टेकतो. रायझन ७००० च्या प्रोसेसरना एअर कूलर पुरत नाही, ९५ अंश दाखवतात.

पाथर्डीफाटा
९५ अंश ही एएमडीने स्वतः ठरवलेली कमाल मर्यादा आहे. मोठे प्रोसेसर तिथपर्यंत जातात. ७६०० चा टीडीपी (कूलरसाठी धरायची उष्णता) ६५ वॅट आहे आणि तो बोर्डाच्या सॉकेटमधून फार तर ८८ वॅट घेतो. एवढ्याला १५५ मिमी उंचीचा एक टॉवरचा कूलर भरपूर झाला. शिवाय पुढे रेडिएटर म्हणजे २७ मिमी रेडिएटर आणि २५ मिमी पंखा, ५२ मिमी गेले. मग हे कार्ड त्या कॅबिनेटात तिरकंही राहणार नाही.

वॉटरकूल_नाशिक
मग रेडिएटर वर लावा. वर लावायला कोण नको म्हणतंय?

पाथर्डीफाटा
वर लावायला बोर्डाच्या वरच्या कडेपासून छतापर्यंत ५५ मिमी तरी लागतात, नाहीतर रॅमच्या उंच हीटसिंकला आणि ८ पिनच्या सीपीयू वायरीला रेडिएटर अडतो. तेवढ्या पैशांत कॅबिनेट एक पायरी वरचं येतं. पहिल्या बिल्डला पैसे तिथे घाला.

लॅमिंग्टन_वारी
दुकानदारावर कशाला अवलंबून राहता? सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार चालत. दहा मॉडेलं हाताळून बघता येतील.

कॉलेजरोड_अनघा
आणि येताना सात-आठ किलोचं काचेचं खोकं गर्दीच्या गाडीत कसं आणायचं? कॅबिनेट हा एकच पार्ट असा आहे की जो जवळच्या दुकानातून घ्यावा. पत्रा वाकला, काचेला तडा गेला, स्क्रूची पिशवी नसली, तर दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून मिळतो. ऑनलाइन घेतलंत तर खोकं उघडण्यापासून न थांबवता व्हिडिओ काढा, तोच पुरावा.

पिक्सेल_राव
मॉनिटर कोणता घेताय? ७८०० एक्सटी १४४० पी रिझोल्यूशनसाठी आहे. १०८० पी वर वापरलंत तर कार्ड वाया.

सातपूरकर०७
मॉनिटर घेतला आहे, तो विषय नाही. दुकानात जाऊन आलो. काचवाल्यात टेपने ३०४ भरले. तुमचं बरोबर निघालं, ते बाद. दुसरं कॉर्सेअर ४०००डी एअरफ्लो आहे. कूलर डीपकूल एके४००, एसएमपीएस ७५० वॅट. हे चालेल?

गंगापूर_रोड_टेक
चालेल. दीड हजार जास्त गेले तरी इथे ते सार्थकी लागतात. कार्डासाठी ३६० मिमी आहेत. तो आकडा पंख्याशिवायचा धरला तरी ३३५ उरतात, म्हणजे तुमचं ३२० आरामात आत जातं. कूलरची मर्यादा १७० मिमी, एके४०० ची उंची १५५. पुढे पत्रा आहे, पण सगळा भोकांचा, आणि त्याच पत्र्यामागे काढता येणारा फिल्टर. ७८०० एक्सटी साठी एएमडी ७०० वॅटचा एसएमपीएस सांगते, तुमचा ७५० पुरेसा आहे.

त्यात १२० मिमीचे दोन पंखे येतात, एक पुढे, एक मागे. पुढे अजून दोन घ्या, पण कॅबिनेटबरोबरच घ्या. दोन्ही ४ पिनचे पीडब्ल्यूएम (चौथ्या पिनवरच्या सिग्नलने वेग बदलणारे). पुढचे तिन्ही हवा आत घेणारे, मागचा एकटा बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की ती फटींतून बाहेर पडते आणि धूळ फिल्टरमधूनच आत येते. उलट केलंत तर धूळ प्रत्येक फटीतून शिरते. सिंहस्थाच्या कामांनी शहरभर खोदकाम आहे, तुमच्याकडे त्यात एमआयडीसीची धूळ. फिल्टर महिन्यातून एकदा नळाखाली धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा.

जाळीच_हवी
एक भर. ४०००डी सोबत येणारे पंखे ३ पिनचे आहेत. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) त्यांच्या हेडरला (बोर्डावर पंखा जोडायच्या पिनांना) डीसी मोड करा, म्हणजे व्होल्टेजने वेग बदलतो, नाहीतर ते सतत पूर्ण वेगाने घोंघावतात आणि लोक कॅबिनेटला नावं ठेवतात.

आरजीबी_प्रेमी
काचवाल्यातले सहा पंखे सुटे मिळाले तर यात लावता येतील ना? तेवढेच दिवे.

पाथर्डीफाटा
नाही. असल्या कॅबिनेटांतल्या पंख्यांना बहुतेक वेळा कंपनीचा स्वतःचा ६ पिनचा प्लग असतो. तो फक्त त्याच हबला (पंखे जोडायच्या पेटीला) लागतो, आणि हबला वीज एसएमपीएसच्या मोलेक्स प्लगमधून येते. बोर्डाचं त्यावर काही नियंत्रण नाही, वेग रिमोटने. दिवे हवेच असतील तर ५ व्होल्टचे ३ पिनवाले एआरजीबी (रंगीत दिव्यांचे) पंखे घ्या. बोर्डावर १२ व्होल्टचं ४ पिन हेडरही असतं, त्यात ५ व्होल्टचा प्लग कसाबसा बसवलात तर दिवे जळतात. हेडरशेजारी छापलेलं वाचूनच प्लग लावा.

कॉलेजरोड_अनघा
भाऊ, कॅबिनेट ठेवणार कुठे? टेबलच्या कप्प्यात असेल तर कप्प्याचं माप सांगा.

सातपूरकर०७
कॉम्प्युटर टेबलला खाली कप्पा आहे, नऊ इंच रुंद. त्यातच ठेवणार.

कॉलेजरोड_अनघा
नऊ इंच म्हणजे २२८.६ मिमी. ४०००डी ची रुंदी २३० मिमी. जाणारच नाही. आणि गेलं असतं तरी नको. त्या कप्प्यांना मागे प्लाय असतो, कार्डाची गरम हवा तिथेच अडून पुन्हा पुढून आत येते. तीनशे वॅटच्या आसपास उष्णता कुठे जाणार? टेबलावर ठेवा, भिंतीपासून मागे दहा-बारा सेंटीमीटर सोडून. एसएमपीएसचा पंखा खालच्या बाजूला ठेवा, तिथे वेगळा फिल्टर आहे. मात्र खाली सतरंजी किंवा गालिचा नको, फिल्टर झाकला जातो.

आणि असेंब्ली करताना काच उतरवलीत की ती फरशीवर टेकवू नका. टेम्पर्ड ग्लास सपाट बाजूने दणकट असतो, पण कोपरा टाइलवर किंचित जरी आपटला तरी क्षणात चुरा होतो. पलंगावर गादीवर आडवी ठेवा.

सातपूरकर०७
ठीक, टेबलावर ठेवतो. बोर्ड मायक्रो एटीएक्स आहे, कॅबिनेट मोठं. बसेल ना? की रिकामं दिसेल?

गंगापूर_रोड_टेक
बसतं. एटीएक्स (पूर्ण मापाचा) बोर्ड ३०५ बाय २४४ मिमी, तुमचा बहुतेक २४४ बाय २४४, म्हणजे खाली रिकामी जागा राहील आणि ती कार्डाच्या पंख्यांना फायद्याचीच. महत्त्वाचं स्टँडऑफचं (बोर्डाखालच्या छोट्या खुंट्यांचं). कॅबिनेटात ते एटीएक्सप्रमाणे आधीच लावलेले असतात. बोर्ड अलगद वर धरून बघा. बोर्डाला जिथे भोक नाही तिथला स्टँडऑफ काढा, नाहीतर तो मागच्या टाक्यांना टेकून शॉर्ट होतो. बोर्डाला भोक आहे आणि खाली स्टँडऑफ नाही, तिथे लावा.

क्रम असा ठेवा: प्रोसेसर, रॅम, एम.२ एसएसडी आणि कूलरचा ब्रॅकेट बोर्डाच्या खोक्यावरच बसवा. आयओ शील्ड (मागच्या पोर्टांभोवतीचा पत्रा) सुटी असेल तर बोर्डाआधी लावा. बोर्ड आत गेला की लगेच सीपीयूची ८ पिन वायर वरच्या डाव्या कोपऱ्यातून ओढून लावा, कूलर बसल्यावर तिथे बोटं जात नाहीत. समोरच्या टाइप सीची चपटी वायर आहे, बोर्डावर तिचं हेडर आहे का मॅन्युअलमध्ये आधीच बघा. काही स्वस्त बोर्डांवर नसतं, मग पुढचं पोर्ट नुसतं शोभेला. कार्ड सगळ्यात शेवटी, आणि ते जड आहे, त्याला खालून आधार लावा.

सिडको_शेजारी
मधेच विचारतो, माझ्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. पत्रा खराब आहे का? बदलू का?

पाथर्डीफाटा
पत्र्याचा दोष नाही, घराच्या अर्थिंगचा आहे. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून अर्थकडे छोटे कपॅसिटर असतात. अर्थची तार जोडलेलीच नसली की पत्र्यावर साधारण निम्मा व्होल्टेज तरंगतो. करंट अगदी कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात, पण त्याच अवस्थेत चालू मशिनला एचडीएमआय लावली तर पोर्ट जाऊ शकतं. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं माप घ्या: फेज ते अर्थ २३० च्या आसपास, न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कन्व्हर्टरमध्ये घातला असेल तर आधी तो काढा.

सातपूरकर, तुम्हीही रविवारच्या आधी हे मोजून घ्या.

सातपूरकर०७
घेतो मोजून. ४०००डी आणि १२० चे दोन पीडब्ल्यूएम पंखे सांगितले दुकानात, शनिवारी संध्याकाळी मिळतील. पुढच्या तिघांतला त्याचा पंखा ३ पिनचा आणि दोन नवे ४ पिनचे, तिन्ही एका स्प्लिटरवर चालतील का? बोर्डावर कॅबिनेटच्या पंख्यांसाठी दोनच हेडर आहेत.

जाळीच_हवी
एका हेडरवर मिसळू नका, डीसी आणि पीडब्ल्यूएम एकत्र नीट चालत नाहीत. सोबत आलेले दोन्ही ३ पिनवाले, पुढचा आणि मागचा, एका हेडरवर डीसी मोडमध्ये. नवे दोन दुसऱ्या हेडरवर पीडब्ल्यूएममध्ये. म्हणजे वाय स्प्लिटर दोन लागतील. हेडरला साधारण १ अँपिअरची मर्यादा असते, १२० चे दोन पंखे त्यात सहज बसतात. स्प्लिटर शनिवारीच मागून घ्या, रविवारी निम्मी दुकानं बंद असतात.