गाडीचा ब्रेक वेगळा, इंडिकेटर वेगळा. ट्रेलरला मात्र दोन्हींसाठी एकच दिवा. वायर कशी जोडू?

कोलंबसचा_ताशा

नमस्कार मंडळी. ओहायोतल्या कोलंबसहून लिहितोय. आमच्या पथकाचे चौदा ढोल, सहा ताशे आणि ध्वज न्यायला एक जुना चार बाय आठ फुटी ट्रेलर घेतलाय. ओढायला माझी २०१० ची सीआर-व्ही. तिची मर्यादा १,५०० पौंड आहे आणि सगळं मिळून हजाराच्या आत बसतं, त्यामुळे वजनाचं टेन्शन नाही. दिवे मात्र छळतायत.

ट्रेलरकडून चारच वायरी येतात: पांढरी, तपकिरी, पिवळी, हिरवी. मागे दोन तांबडे दिवे, तेच ब्रेकला लागायचे आणि तेच इंडिकेटरला लुकलुकायचे. माझ्या गाडीला ब्रेक तांबडा आणि इंडिकेटर पिवळा, दोन्ही स्वतंत्र. म्हणजे गाडीकडून ब्रेक, डावा, उजवा अशा तीन वायरी आणि ट्रेलरला घ्यायला दोनच.

मी डावा इंडिकेटर पिवळीला जोडला, उजवा हिरवीला, आणि ब्रेकची वायर दोन्हींना. आता डावा इंडिकेटर दिला की ट्रेलरचे दोन्ही दिवे लुकलुकतात, गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकतात, काचेतला वरचा ब्रेकलाइटसुद्धा लुकलुकतो. दहाएक वेळा झाल्यावर फ्यूज गेला. नवा टाकला, तोही गेला. पुढच्या शनिवारी मिरवणूक आहे आणि हायवेने चाळीस मैल जायचंय. कृपया कोणीतरी नीट सांगा.

डायोडवाला

ब्रेकची वायर दोन्हीकडे जोडलीस तेव्हाच डावं, उजवं आणि ब्रेक ही तिन्ही सर्किटं एक झाली. एक इंडिकेटर दिला की त्याच्यावर सगळ्यांचं ओझं. हिशोब कर: गाडीचे चार इंडिकेटर आणि ब्रेकचे बल्ब साधारण २१ वॅटचे, ट्रेलरचे दोन २७ वॅटचे. बेरीज दोनशे वॅटच्या आसपास, म्हणजे पंधरा-सोळा अँपिअर. फ्यूज राहणार कसा?

उपाय स्वस्त आहे. सहा-सहा अँपिअरचे चार डायोड घे. दोन ब्रेककडून पिवळी-हिरवीकडे, दोन इंडिकेटरकडून. वीज उलटी फिरणार नाही. मी गेल्या वर्षी असंच केलंय.

मिरजेचे_वायरमन_काका

डायोडवाल्यांचा हिशोब बरोबर आहे, पण उपाय अर्धा आहे. आणि तो अर्धाच धोक्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. सध्या मुलाकडे इंडियानात आहे. मिरजेजवळ अठ्ठावीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान चालवलं, त्यातलं निम्मं आयुष्य उसाच्या ट्रॉल्यांखाली गेलं.

बाळा, असा विचार कर. तुला डावीकडे वळायचंय. तू इंडिकेटर देतोस आणि ब्रेकही दाबतोस, कारण वळायचं तर वेग कमी करायलाच हवा. डायोड लावले तर डाव्या दिव्याला ब्रेककडून सलग वीज मिळते. इंडिकेटर वरून टिकटिक करत असतो, पण दिवा विझतच नाही. विझला नाही तर लुकलुकणार कसा? मागच्याला फक्त दोन तांबडे दिवे दिसतात, तुझी गाडी ट्रेलरमागे झाकलेली. नेमक्या वळणाच्या क्षणी त्याला तुझा इंडिकेटर दिसत नाही.

तुला हवं ते असं: ब्रेक दाबलेला असताना डावा इंडिकेटर आला, तर डाव्या दिव्याने ब्रेक सोडून लुकलुकायचं आणि उजव्याने पेटतं राहायचं. हे डोकं डायोडला नाही. त्यासाठी तीनाचे दोन करणारा कन्व्हर्टर मिळतो, तोच घे. त्यातही बॅटरीवरून स्वतंत्र वीज घेणारा. तो गाडीच्या वायरींकडून नुसता इशारा घेतो आणि ट्रेलरचे दिवे थेट बॅटरीवर पेटवतो, म्हणून गाडीच्या फ्यूजवर ताण येत नाही.

आमच्याकडे ट्रॉलीला सात पिनांचं सॉकेट, ब्रेकचा दिवा वेगळा, पिवळा इंडिकेटर वेगळा. हा घोळ तिथं नव्हता. तिथं घोळ वेगळा होता, की दिवे पेटवायचेच नाहीत. सीझनला रात्री दोन-दोन ट्रॉल्या अंधारात चालायच्या. एका पोराची मोटारसायकल अशाच ट्रॉलीत मागून घुसली, दुकानापासून दोन फर्लांगांवर. त्यानंतर दिवे बंद असलेली ट्रॉली दुकानासमोर थांबवून मी फुकट वायर जोडून दिलेली आहे. म्हणून तुला एवढं लांबण लावतोय.

कोलंबसचा_ताशा

काका, मनापासून आभार. कन्व्हर्टर आज मागवला. त्याला गाडीच्या बाजूला तांबडी, पिवळी, हिरवी, तपकिरी, पांढरी आणि एक जाड काळी वायर आहे. बसवताना काय सांभाळू?

मिरजेचे_वायरमन_काका

आधी तू केलेले जोड सगळे सोड आणि नवा फ्यूज टाकून गाडीचे दिवे मूळ जागी आलेत का बघ. मग डिक्कीचं अस्तर काढ आणि टेस्ट लॅम्प घेऊन बस. वायरीच्या रंगावर भरवसा ठेवू नकोस, दिवा पेटवून वायर ओळख. ब्रेकवर तांबडी, डाव्या इंडिकेटरवर पिवळी, उजव्यावर हिरवी, पार्किंगच्या दिव्यावर तपकिरी. जाड काळी बॅटरीच्या पॉझिटिव्हला, पण सोबतच्या कागदावर एकदा पडताळून घे, रंग कंपनीगणिक बदलतो. बॅटरीजवळच फ्यूज होल्डर हवा, आणि फ्यूज सगळ्यात शेवटी बसव. चालू विजेवर जोडताना एक वायर पत्र्याला टेकली की कन्व्हर्टर तिथंच मेला.

आता पांढरी, म्हणजे अर्थिंग. माझ्याकडे आलेल्या दहांतल्या सात तक्रारी अर्थिंगच्याच असायच्या. रंगावर स्क्रू मारून चालत नाही. रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसला पाहिजे, मग स्क्रू, वरून ग्रीस. ट्रेलरकडेही तसंच, पांढरी वायर थेट चॅसीला. गाडीच्या हूकवरच्या ज्या लोखंडी गोळ्याला ट्रेलर अडकतो, त्यातून अर्थ मिळेल म्हणून सोडू नकोस. गोळ्याला ग्रीस असतं, गंज असतो, खड्ड्यात तो हलतो. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते तर पत्रा खातंच. पार्किंग लावल्यावर इंडिकेटर दिला आणि भलताच दिवा मंद होऊन लुकलुकला, तर डोळे मिटून अर्थिंग तपास.

वायर न कापता वरून दाबून जोड घ्यायच्या निळ्या प्लॅस्टिकच्या चिमट्या मिळतात, त्या वापरू नकोस. त्या वायरीला जखम करतात आणि तिथून पाणी शिरतं. सोल्डर कर, स्लीव्ह चढव, गरम करून बसव.

डायोडवाला

काका, काल मुलाला मागे उभं करून ब्रेक आणि इंडिकेटर एकत्र दाबून पाहिलं. तुम्ही म्हणता तेच. वर्षभर तसाच फिरत होतो, प्रत्येक दिवा फक्त वेगवेगळा तपासला होता. मीही कन्व्हर्टर मागवला. ताशावाल्या, माझा वरचा उपाय करू नकोस.

एक भर घालतो. चार पिनांच्या चपट्या प्लगमध्ये गाडीकडच्या तीन जागा रबरात झाकलेल्या असतात आणि अर्थची एकच पिन उघडी असते. ट्रेलर काढल्यावर वीज असलेलं टोक कुठे टेकू नये म्हणून. दोन्ही बाजूंचे प्लग अदलाबदल करू नकोस.

कोलंबसचा_ताशा

बुधवारी रात्री बसवलं. मंडळातल्या दोघांना मागे उभं केलं, पार्किंग चालू, ब्रेक दाबलेला, डावा इंडिकेटर: डावा लुकलुकला, उजवा पेटता राहिला. उजवीकडेही तसंच. गाडीचा वरचा ब्रेकलाइट शांत.

फक्त ट्रेलरचा उजवा दिवा मंद होता. काका, तुमचं वाचून थेट अर्थिंगकडे गेलो. दिव्याच्या बोल्टमागे गंजाचा थर होता. पॉलिश पेपरने घासला, पांढरी वायर वेगळी ओढून चॅसीला दिली, आता दोन्ही सारखे.

एकच राहिलं. ट्रेलरच्या नंबर प्लेटवर उजेड पडत नाही. त्यासाठी पाचवी वायर लागते का?

मिरजेचे_वायरमन_काका

नाही. दोन दिव्यांपैकी एकाला खालच्या अंगाला पांढरी पारदर्शक काच असते, प्लेटवर उजेड पाडायला. तो डावीकडचा दिवा, त्याच्या तपकिरी वायरीवरच ते भागतं. आधीच्या मालकाने दिवे उलटे बसवले असतील. खाली वाकून बघ. उजव्या दिव्याला काच दिसली तर दोघांची जागा बदल, वायरी आहेत त्याच बाजूला राहू दे.

कोलंबसचा_ताशा

उजव्यालाच होती काका. बदलले. प्लेट वीस पावलांवरून वाचता येते.