खेत्रीच्या दगडावरील हिरवे डाग कशाचे?

कोथरूडकर: राजस्थानातील झुंझुनू जिल्ह्यातल्या खेत्री या जुन्या ताम्रक्षेत्रातून आणलेल्या दगडावर हिरवे-निळे डाग असून आत पितळी चकाकीचे कण दिसतात. पुण्याभोवतीच्या बेसाल्ट खडकामध्ये झिओलाइट नावाची स्फटिकी खनिजे विपुल आहेत, परंतु असे काही आढळत नाही. हे खनिज कोणते असावे?

पेठकर: आतील कण बहुधा चाल्कोपायराइटचे, म्हणजे तांबे, लोह व गंधक यांच्या संयुगाचे असावेत, तेथील मुख्य ताम्रखनिज तेच आहे. पृष्ठभागाजवळ पाणी आणि प्राणवायू यांच्या संपर्काने त्याचे विघटन होते व सुटलेले तांबे कार्बोनेटच्या रूपात पुन्हा साचून हिरवा मॅलाकाइट आणि निळा अझुराइट तयार होतो. प्राचीन खाणकामगारांना खालच्या साठ्याचा सुगावा अशाच डागांवरून लागत असणार. आपला बेसाल्ट लाव्हाचा, तर खेत्रीचे खडक त्याहून कितीतरी जुने आणि उष्णता व दाबाने रूपांतरित. त्यामुळे ही तुलना फारशी उपयोगाची नाही.

औंधकर: पोलादी चाकूने ओरखडा काढून पाहावा. चाल्कोपायराइटचे काठिण्य (मोह्सच्या 1 ते 10 या श्रेणीवर) 3.5 ते 4 असल्याने तो ओरखडला जातो; तसाच पितळी दिसणाऱ्या साध्या पायराइटचे, म्हणजे लोह व गंधक यांच्या संयुगाचे, 6 ते 6.5 असल्याने तो सहसा दाद देत नाही. डागांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यास फेस येऊन कार्बोनेटची खात्री पटेल, पण चांगल्या नमुन्याची नासाडी कशाला करावी?