मदत हवी आहे : रमजान आणि उपवासकाळ एकत्र येतोय, सोबत इफ्तार कसा करावा?

नमस्कार मंडळी. मी कोर्लईचा, ख्रिस्ती. मुरूड रस्त्यावरच्या गावांतले मुसलमान आणि आम्ही मासळीच्या लिलावात, एसटीत, क्रिकेटच्या मैदानात रोज भेटतो, पण एकमेकांच्या घरी जाणं फार कमी झालंय. मोबाइलवर फिरणाऱ्या विषारी मेसेजमुळे पोरांच्या बोलण्यातही अढी जाणवते. याचं मला खरंच वाईट वाटतं.

२०२७ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला आहे आणि चंद्रदर्शनानुसार रमजानही त्याच सुमारास सुरू होईल. म्हणून एक संध्याकाळ सोबत इफ्तार करायचं मनात आहे. शुक्रवारी आम्ही मटण-चिकन खात नाही, पण मासे चालतात. त्यांनाही चालतात. तेव्हा खजूर, फळं आणि नंतर सुरमईचं कालवण-भात. (कोकणात याहून सोपा मेनू कुठला!) मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या) नमाजासाठी स्वच्छ जागा आणि वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, पाणी ठेवूच.

अडतंय ते पुढे. जेवणानंतर बोलायचं काय? कुराणातली १९वी सूरा (अध्याय) मरियमच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, नावाने आहे, तिथून सुरुवात करावी असं वाटतं. मात्र कुणाला धर्मप्रचार वाटता कामा नये. आधी फादर आणि मौलानांकडे जावं की दोन्हीकडच्या बायकांना विचारावं? माझा कल बायकांकडे आहे. बाजारातली त्यांची ओळख जुनी आहे.

वसई, रत्नागिरी, वेंगुर्ल्याकडे कुणी असं केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. काय फसलं तेही सांगा.