अनुभव धागा : स्पॅनिश काळातली मिशनं, पाहिलेली आणि ऐकलेली

मी फ्रीमाँटची. लेक चौथीत गेला तेव्हा इथल्या एका जुन्या मैत्रिणीने बजावलं होतं, "चौथीत मिशन येतं हं!" कॅलिफोर्नियात स्पॅनिश फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी १७६९ ते १८२३ या काळात एकवीस मिशनं, म्हणजे मूळ रहिवाशांना ख्रिस्ती करण्यासाठी चर्चभोवती वसवलेल्या वस्त्या, उभारली. चौथीची पोरं वर्षानुवर्षं त्यातल्या एकाची प्रतिकृती करत आली आहेत. साखरेच्या खड्यांच्या भिंती, पास्त्याची कौलं. मी खूश! दिवाळीच्या किल्ल्याची सगळी हौस इथे भागवायची ठरवली, पुठ्ठेही जमवले. पण बाई म्हणाल्या, प्रतिकृती नको, त्या भिंती कोणी बांधल्या ते लिहून आणा.

मग घरापासून दहा मिनिटांवरच्या मिशन सान होजेत गेलो. स्थापना १७९७ ची. मूळ चर्च १८६८ च्या भूकंपात पडलं, आज दिसतं ते १९८५ मध्ये पुन्हा बांधून पूर्ण झालेलं. मूळ चर्चच्या कच्च्या विटा बनवल्या ओलोनी आणि आसपासच्या इतर मूळ रहिवाशांनी. एकदा बाप्तिस्मा झाला की परवानगीशिवाय मिशन सोडायची सोय नव्हती. पळालेल्यांना शिपाई धरून आणत. तिथेच एस्तानिस्लाओ भेटला. योकुत्स जमातीचा, मिशननेच मुखिया नेमलेला. १८२८ च्या सुमारास मिशनबाहेर गेला तो वेळेवर परतलाच नाही. दऱ्याखोऱ्यांत दबा धरून त्याने मेक्सिकन फौजेला दमवलं, कॅलिफोर्निया तोवर मेक्सिकोकडे गेलं होतं. (गनिमी कावा म्हणायचा मोह झालाच.) १८२९ मध्ये मोठी तुकडी आली, माणसं मेली, आणि तो परत आला तो मिशनमध्येच, तिथले पाद्री फादर दुरान यांच्याकडे. त्यांनी त्याला माफी मिळवून दिली. स्टॅनिस्लॉस नदीवरून आपण योसेमिटीला जाताना कितीदा गेलो असू, ते नाव याचं!

लेकाने त्याच्यावरच लिहिलं. पुठ्ठे अजून गराजमध्ये आहेत. तुम्हीही लिहा.

लातूरकर : सान हुआन कापिस्त्रानोच्या मिशनला १९ मार्चला गेलो, पाकोळ्या परत येतात म्हणून. पाकोळ्या चारदोनच. पण दगडी चर्चचे अवशेष पाहून पाय तिथेच थिजले. बांधायला नऊ वर्षं लागली, १८०६ मध्ये पूर्ण झालं आणि ८ डिसेंबर १८१२ ला सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी भूकंपात कोसळलं. चाळीसेक माणसं गेली, जवळजवळ सगळी तिथल्या मूळ अहाचेमेन जमातीची. किल्लारीच्या वेळी मी सातवीत होतो. दगडाखाली माणूस सापडतो म्हणजे काय, ते मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. बाकीचे फोटो काढत होते, मी बाहेर येऊन बसलो.

सॅन फ्रान्सिस्कोतून : मिशन डोलोरेस, १७९१ ची इमारत. १९०६ च्या भूकंपात शेजारचं विटांचं चर्च गेलं, हे मातीचं टिकलं. छताकडे बघा, रंगीत नक्षी ओलोनींची आहे. तिथे पुरलेल्या मूळ रहिवाशांची संख्या पाच हजारांवर सांगतात, नावाचे दगड मोजकेच.

वसईकर : माझं मिशन मेक्सिकोतलं. कुएर्नावाकाचं कॅथेड्रल मुळात फ्रान्सिस्कन मठ. आत शिरलो आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर जुनी चित्रं, होड्या, शिपाई, क्रूस. १५९७ मध्ये जपानात नागासाकीला मारलेले सव्वीस ख्रिस्ती! त्यांत आमचे संत गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा, वडील पोर्तुगीज, आई तिकडचीच. जपानला गेले, पुढे व्यापार केला, मनिलात स्पॅनिश फ्रान्सिस्कनांमध्ये ब्रदर झाले, जपानी येत असल्याने दुभाषे म्हणून परत गेले. संतपद १८६२ मध्ये. लहानपणी त्यांच्या सणाला आम्ही पुढे बसायला भांडायचो. आणि ते इथे, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, चुन्याच्या थरांखालून निघालेले. आईला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, "त्यांतला आपला कुठला रे?" मान दुखेपर्यंत शोधलं. ओळखता आला नाही.